आईची अबोली कुणी माळायची?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

स. न. वि. वि.
मी 52 वर्षांची, डोंबिवलीत राहते. माहेर गुहागर तालुक्यातलं. फेब्रुवारीत आई गेली. घर विकायचं ठरलंय, भावाने विसार घेतलाय, दिवाळीनंतर ताबा द्यायचा आहे. भिंतींचं मला तितकं वाटत नाही, पण आईचं अंगण डोळ्यांपुढून हलत नाही. पायरीशी लाल एकेरी जास्वंद, विहिरीपाशी सोनचाफा, मोरीच्या पाण्यावर सोनटक्का, फाटकावर मधुमालती, कोपऱ्यात देवचाफा आणि जागा मिळेल तिथे अबोली. यातलं फ्लॅटच्या गॅलरीत काय येईल? जाऊबाई म्हणतात, गेलेल्या माणसाच्या हातची झाडं घरात आणू नयेत, आणि देवचाफा तर स्मशानातला.
दुसरं जास्त अवघड आहे. बाबा गेले तेव्हा आई पंचावन्नची होती. त्यानंतर वीस वर्षांत तिने एकदाही फूल माळलं नाही. पण रोज सकाळी अबोलीच्या वेण्या करायची आणि शेजारपाजारी वाटायची. तिच्या फोटोला मी अबोलीचा हार घातला, तर मावशी म्हणाली, रंगीत नको, पांढरी फुलं घाल. मी हार काढला. तेव्हापासून अबोली दिसली की रडू येतं आणि रागही येतो. आता मलाही फूल माळवत नाही. काय करू?
– आईची लेक, डोंबिवली

ताई,

आधी झाडांचं बोलू. रडू आणि राग यांना मुदत नसते, झाडांना आहे. मृग लागलाय, ताबा दिवाळीनंतर जाणार, म्हणजे फांद्या लावायचा ऐन हंगाम तुमच्या हातात आहे. हाच ताबा पावसाच्या आधी द्यायचा असता तर मी इतक्या निवांतपणे लिहिलं नसतं. आता एकदा जा आणि नवरात्राच्या सुमाराला पुन्हा एकदा. दोन खेपांत बहुतेक सगळं होईल.

जास्वंद सगळ्यात सोपी. लाल, एकेरी, असं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. नर्सरीत हल्ली बशीएवढ्या फुलांच्या, दोन-दोन तीन-तीन रंगांच्या जास्वंदी मिळतात. दिसायला झोकदार, पण पहिल्याच पावसाळ्यात रुसतात. जुन्या परसातली लाल जास्वंद दणकट असते. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना पुरती लाकूड झालेली अशी वीतभर फांदी घ्या, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. शेंड्याची दोन पानं ठेवा, मोठी असली तर तीही अर्धी कापा, बाकीची काढा. कळी असेल तर तीही काढा, जीव कितीही तुटला तरी. निम्मी वाळू, निम्मी माती अशा मिश्रणात दोन डोळे बुडतील इतकी खोचा, सावलीत ठेवा आणि मुळं फुटली का म्हणून रोज उपटून बघू नका. नवं पान आलं की लगेच हरखायचं नाही. फांदीत असलेल्या साठ्यावरही एखादं पान फुटतं. महिना-दीड महिना जाऊ द्या. एकच लावू नका, सहा-सात लावा. फांदी मागून आणली तर जगत नाही, गुपचूप मोडून आणली तरच जगते, असं बायका म्हणतात. तुम्हाला स्वतःच्या माहेरी चोरी करायची असेल तर तीही करून घ्या.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते. बीपासून आलेलं रोप म्हणजे त्या झाडाचं मूल. फांदीपासून आलेलं म्हणजे तेच झाड. पायरीशी उभी आहे ती जास्वंद आणि तुमच्या गॅलरीत उभी राहील ती जास्वंद, यांच्या जनुकांत काही फरक नसेल. आपल्याकडच्या लाल जास्वंदीला सहसा बी धरतच नाही. ही जास्वंद रानात आपसूक वाढलेलीही सापडत नाही. माणसं फांद्या मोडून मोडून नेत राहिली म्हणून ती आशियाभर आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पोचली. मलेशियाने तर 1960 मध्ये तिला राष्ट्रीय फूल केलं. तुमच्या आईनेही ती कुणाच्या तरी गडग्यावरूनच आणली असणार. तेव्हा घर गेलं की झाड गेलं, हे निदान जास्वंदीपुरतं तरी खरं नाही.

सोनचाफ्याचं तसं नाही, त्याची फांदी नुसती खोचून लागत नाही. पिकलेल्या फळांतलं लाल गर असलेलं बी ताजं ताजं पेरलं तर उगवतं, पण फूल दिसायला कितीतरी वर्षं जातात आणि ते रोप आईच्या झाडासारखंच निघेल याची खात्री नाही. गुटी किंवा कलम, हाच मार्ग. तुमच्या गावात आंब्याची कलमं बांधणारा एखादा हात असेलच, त्यालाच गाठा. पेन्सिलीएवढ्या फांदीची साल इंचभर गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं आणि फांदी झाडावरच ठेवायची. आषाढात बांधली तर नवरात्राच्या सुमाराला प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात, मग खालून कापून कुंडीत. सोनचाफ्याच्या सगळ्याच गुट्या धरत नाहीत, म्हणून चार-पाच बांधायला सांगा. दुसरा उपाय म्हणजे आईच्या झाडाची काडी तयार रोपावर कलम करून घेणं. हे काम नर्सरीवाला करतो. कलमी सोनचाफा मोठ्या कुंडीत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत फुलतो. वसईकडे याच कलमी झाडांच्या बागा आहेत, दादरच्या फुलबाजारात सकाळी सोनचाफा येतो तो बराचसा तिकडचाच. मूळ झाड मात्र विहिरीवरच राहणार. त्याच्याविषयी पुढे लिहिते.

सोनटक्क्याचं काही अवघड नाही. आल्यासारखा कंद असतो, तीन-चार डोळ्यांचा तुकडा काढून रुंद टबात लावा आणि पाण्याची आबाळ करू नका. गॅलरीत वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी सोडू नका, एवढंच; मोरीचं पाणी वेगळं आणि ते वेगळं. श्रावणात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला कळ्या उलगडतात आणि शेजारच्या बिऱ्हाडातून कुणीतरी कसला वास म्हणून विचारतंच. हिमालयाच्या पायथ्याचं हे फूल क्यूबात जाऊन त्या देशाचं राष्ट्रीय फूल झालंय. स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या बायका केसांत माळलेल्या या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिकडे सांगतात.

मधुमालती गॅलरीत आणू नका. ती ग्रील खाईल, पाइप धरेल, वरच्या मजल्यावर जाईल आणि सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्या दारात येतील. तिला सोसायटीच्या फाटकावर जागा मागा. मुळाशी नवे फुटवे येतात, त्यातला एक मुळासकट काढून आणा. फाटकाशी येणाजाणाऱ्यांना तिचे रंगही दिसतील: संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, मग लाल, आणि एकाच घोसात तिन्ही एकदम लोंबत असतात.

आता जाऊबाई आणि देवचाफा.

गेलेल्या माणसाच्या हातची झाडं घरात आणायची नसतील तर कोकणातले निम्मे आंबे खाता येणार नाहीत. हापूसची ती कलमं आज्या-पणज्यांनी लावली आहेत. जाऊबाई पेटी नाकारत नसतील असं मी धरून चालते.

देवचाफ्याचं त्यांचं म्हणणं ऐकीव असलं तरी अगदी हवेतलं नाही. ते झाड आपल्याकडे देवळांपाशी असतं आणि स्मशानांपाशीही. फिलिपिन्समध्येही ते कब्रस्तानात लावतात आणि तिथेही लोक त्याच्याकडे जरा दबकूनच बघतात. पण कारण साधं आहे. हे झाड कुणी पाणी घातलं नाही तरी जगतं, गुरं तोंड लावत नाहीत, पानं झडून गेली तरी नुसत्या खराट्यासारख्या फांद्यांच्या टोकांवर फुलतं. जिथे रोज कुणी येत नाही अशा जागी लावायला दुसरं कुठलं झाड घेणार? बरं, हा चाफा मूळचा इथला नाहीच. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं हे त्याचं घर. तो समुद्रापलीकडून आपल्याकडे आला आणि देवळात जाऊन देवाचा झाला. लाओसने त्याला राष्ट्रीय फूल केलं. हवाईत पाहुण्याच्या गळ्यात याचे हार पडतात. एकच झाड कुठे स्वागताला, कुठे देवाला, कुठे मढ्याला. अशुभपणा झाडात असता तर तो सगळीकडे सारखा निघाला असता.

हे सगळं जाऊबाईंना ऐकवू नका. घरात वाद घालून लावलेलं झाड कायम वादाचंच राहतं. सांगा की देवचाफा गच्चीवर किंवा आवारात ठेवतेय, आणि विषय मिटवा. लावताना मात्र जास्वंदीच्या उलट करायचं. फांदी कापली की चीक वाहतो, तो हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. मग फांदी निदान आठ-दहा दिवस, पावसाळी हवेत त्याहून जास्त, छपराखाली कोरडी ठेवायची. काप खणखणीत वाळला की भरपूर वाळू असलेल्या मातीत लावायची आणि पाणी जपून. हे झाड लाडाने मरतं. ओल्या फांदीला ओल्या मातीत लावलं की बुडातून कुजते आणि लोक म्हणतात, बघा, मी सांगितलं नव्हतं? आणखी एक गंमत म्हणून सांगते: रात्री इतका दरवळणारा हा चाफा आत मधाचा थेंबही ठेवत नाही. वासाला भुलून मोठे पतंग येतात, फुलाफुलांत सोंड घालून हिंडतात, त्यांच्याकडून परागांचं काम होतं आणि ते उपाशी परत जातात. देवाचा म्हणवणाऱ्या झाडाचा हा लबाडपणा मला फार आवडतो.

अबोली शेवटी ठेवली, कारण तुमचं खरं पत्र अबोलीचं आहे.

आणायची कशी ते आधी सांगून टाकते. कोवळी फांदी पावसात लागते, आणि झाडाखाली शोधलं तर पडीची रोपं मिळतातच. पण तिथे गेलात की एक करा. अबोलीची फुलं झडून वाळलेली तपकिरी कणसं असतील, त्यातलं एक तळहातावर घ्या, त्यावर चार थेंब पाणी टाका आणि थांबा. काही क्षण काहीच होत नाही. मग तट्‌ आवाज होतो आणि एक चपटं बी उडून पदरावर नाहीतर चष्म्यावर बसतं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. कोरड्या दिवसांत घट्ट मिटून बसलेली बोंडं पाणी लागलं की फुटतात, म्हणजे पहिल्या पावसात बी आपोआप लांब जाऊन पडतं. तुमच्या अंगणात 'जागा मिळेल तिथे अबोली' आहे, ती अशी पसरली. आईने प्रत्येक रोप लावलेलं नाही, तिने ते उपटलं नाही इतकंच.

आता आईचं.

तुमची आई त्या वीस वर्षांत समाधानी होती, असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. ती दुःखी होती असंही म्हणणार नाही. तुमच्या मनात जो राग आहे तो खरा आहे आणि त्याला कारण आहे. नवरा गेला की बाईच्या केसातलं फूलही जातं, हे कुणी लेखी दिलेलं नसतं, पण चौदाव्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला ठराव करावा लागला यावरूनच ही गोष्ट किती खोल रुतलेली आहे ते कळतं. तुमच्या आईला असा ठराव मिळाला नाही. मिळाला असता तरी तिने फूल माळलं असतं का, हे तुम्ही-आम्ही कसं सांगणार?

पण तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात, मी तिथे थांबले. ती रोज वेण्या करत होती. अबोलीला वास नाही, घरात फूल माळणारं कुणी नाही; नकोच असतं तर तिने झाडांकडे दुर्लक्ष केलं असतं. दुर्लक्ष झालेली अबोली दोन-तीन वर्षांत खालून बोडकी होते, फुलं विरळ येतात. ऐन मे महिन्यात तिला पाणी लागतं, वेळच्या वेळी छाटावी लागते. आईने वीस वर्षं हे केलं. आणि वेणी म्हणजे काय काम आहे ते बघा. लवकर उठून, दव असताना, कणसातलं उमललेलं एकेक फूल देठाला धक्का न लावता ओढून काढायचं. पाकळी इतकी पातळ की जोरात धरली तर बोटाला चिकटून चुरगळते. मग केळीच्या सोपटाचा ओला धागा पायाच्या अंगठ्यात धरायचा, चार फुलं एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, देठ आत, गाठ, पुन्हा चार. ज्या शेजारणीने ती वेणी माळली तिला ती दिवसभरात एकदा आरशात दिसली असेल. तुमच्या आईच्या बोटांत मात्र तो रंग रोज सकाळी अर्धा-पाऊण तास होता. डोक्यात घालायला मनाई होती, हातात घ्यायला नव्हती. तिने ती फट शोधली होती असं मला वाटतं. माझं चुकत असेल. पण तिच्यापासून अबोली कुणी पूर्णपणे काढून घेऊ शकलं नाही, एवढं तुमच्या पत्रावरूनच दिसतं.

म्हणून हार. मावशीच्या धाकाने काढलात, तो परत घाला. अबोलीचाच. श्राद्धात कुठली फुलं चालतात, लाल का टाळतात, माका का लागतो, हे गुरुजी सांगतील आणि त्या दिवसापुरतं त्यांचं ऐका. भिंतीवरचा फोटो म्हणजे श्राद्धाचं पान नाही. तिथे कुठलं फूल शोभतं ते त्या बाईला ओळखणाऱ्याने ठरवायचं.

रंगीत फुलं आणि मेलेलं माणूस यांचं वावडं आहे, ही समजूतही सगळ्या जगाची नाही. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे 1 आणि 2 नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा सण असतो, आपल्या पितरांसारखाच, पण भडक रंगांचा. घराच्या दारापासून आत मांडलेल्या फोटोपर्यंत झेंडूच्या केशरी पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाच्या आणि उग्र वासाच्या खुणेने आपलं माणूस बरोबर घरी येतं, असं मानतात. ताटात त्याच्या आवडीचं जेवण असतं. युनेस्कोने 2008 मध्ये हा सण मानवी वारशाच्या यादीत घेतला. इतक्या लांब जायचं नसेल तर 2 नोव्हेंबरला गोव्यात जा, ख्रिस्ती कब्रस्तानं फुलांनी भरलेली असतात. तिथेही थडग्याशी उभं राहून लोक रडतात. झेंडूचा रंग त्याला आड येत नाही.

मावशीशी मात्र भांडू नका. मावशी सवाष्ण आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलं नाही. नसतील, तर तुम्हाला 'पांढरी घाल' म्हणताना त्या नियम सांगत होत्या की स्वतः सोसलेलं बोलत होत्या, हे एकदा त्यांच्या जागी बसून बघा. पुढच्या वेळी गेलात की त्यांच्या हातात वेणी द्या. माळा म्हणू नका, फक्त द्या. आईही असंच करायची.

राहिलात तुम्ही. तुमच्याकडून मला एकच वचन हवंय, ते कठीण आहे. गॅलरीत अबोली फुलायला लागली की ती खुडा. आईची म्हणून झाडावरच ठेवाल, रोज पाणी घालून नुसतं बघाल, पानं पुसाल, असं मला तुमच्या पत्रातून दिसतंय. आईने ती कधी बघत बसण्यासाठी लावली नव्हती. फुलं काढत राहिलं की झाडही जास्त फुलतं. कणसात बी भरायला लागलं की जोर तिकडे जातो. पहिल्या वेण्या वेड्यावाकड्या होतील. त्यातली एक फोटोला, एक तुमच्या केसात, सणवार नसताना, साध्या मंगळवारी ऑफिसला जाताना. रडू येईल. लोकलमध्ये डोळे पुसणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, कुणी विचारत नाही. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू केलंत तर मजल्यावरच्या ज्या बाईला एरवी बोलावत नाहीत तिला पहिली हाक मारा आणि तिलाही वेणी पुढे करा. घ्यायची की नाही ते ती ठरवेल. तुमच्या रागाला एवढं काम पुरेल.

भावाविषयी तुम्ही फार काही लिहिलं नाहीत, पण विसार घेतल्याचं वाक्य जरा कडू वाटलं. बंद कोकणी घर दर पावसाळ्यात कौलं, वाळवी आणि विजेचं बिल मागतं. ते भरणारा माणूस कंटाळतो. त्याला फांद्यांबद्दल सांगून ठेवा आणि घेणाऱ्या माणसाशी त्याच्यासमोरच बोला. विहिरीवरचा सोनचाफा आणि पायरीची जास्वंद राहू द्याल का, एवढंच विचारा. कागदावर काही मागू नका. घर पाडून बंगला बांधायचा असेल तर तो हो म्हणूनही तोडेल, आणि ते तुमच्या हातात नाही. म्हणून तर गुट्या आताच बांधायच्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आळीत फिरा. तुमची आई वीस वर्षं वेण्या वाटत होती, तर फांद्याही वाटत असणारच. कुठलीही बागवेडी बाई नुसती फुलं देऊन थांबत नाही. कुणाच्या परसात 'काकूंची जास्वंद' असेल, कुणाकडे सोनटक्क्याचा गड्डा गेला असेल. विचारत गेलात तर कळेल की आईचं अंगण एका फाटकाच्या आत कधीच नव्हतं. आईने कुणाकडून काय आणलं होतं तेही याच बायकांना ठाऊक असतं. वहीत लिहून ठेवा. फोटो काढालच, पण फोटोत हे येत नाही.

हाच उपाय डोंबिवलीसाठीही. तुमची गॅलरी पश्चिमेला असेल तर भाजेल, उत्तरेला असेल तर जास्वंद नुसती पानं काढेल. तिला रोज चार-पाच तास तरी ऊन हवं. पिठ्या ढेकूण येईल, पांढरा कापसासारखा, आणि त्याच्यामागे मुंग्या. कापडाने पुसा, साबणाचं पातळ पाणी मारा, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवा, आठवड्याने निंबोळीचं तेल. एवढं करूनही एखादं झाड मरेल. एका कुंडीवर आईचा सगळा भार टाकलात तर त्या दिवशी तुम्हाला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, म्हणून लागलेल्या रोपांतलं एक भावाला द्या, एक मैत्रिणीला, एक त्या जाऊबाईंनाही, न सांगता. तुमचं मेलं की त्यांच्याकडून फांदी मागा.

नेण्याआणण्याचं सांगते आणि थांबते. चिपळूणला उतरून गुहागरची एसटी धरत असाल. दिवा-सावंतवाडी गाडीने गेलात तरी चालेल, पण गणपतीच्या दिवसांत नको, उभं राहायला जागा नसते आणि फांद्या चेंगरतील. जास्वंद आणि अबोलीच्या फांद्या ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. रात्रभर काही होत नाही. देवचाफा वेगळा, कोरड्या कागदात. सोनटक्क्याचा कंद मातीसकट. आणि आजच भावाला फोन करून गुटी बांधणाऱ्याला सांगून ठेवायला लावा. आषाढ लागला की तो माणूस सगळ्या गावाला हवा असतो.